दिवाळीआधीची वर्गणी

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या टोळ्या ट्रॅक्टरवर संसार चढवून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पोरं बरोबर गेली तर शाळा सुटते, मागं ठेवली तर थकलेल्या आजीवर भार पडतो. त्या मुलांना आधार हवा असतो तो या चार-सहा महिन्यांत.

आपला देण्याचा उमाळा मात्र गणपतीत येतो, पितृपक्षात येतो, लेकराच्या वाढदिवसाला येतो. आपल्याच जिल्ह्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 'शांतिवन' उभं केलं. गेवराईत संतोष गर्जे यांचं 'बालग्राम' आहे, पालीला एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळणारं दत्ता आणि संध्या बारगजे यांचं 'इन्फंट इंडिया' आहे. अशा घरांत रोज दोन्ही वेळेला चूल पेटावी लागते. वाढदिवसाचं गोड जेवण द्यायला, नावाची पाटी लावून खोली बांधून द्यायला माणसं पुढे येतात. फेब्रुवारीतला किराणा, विजेचं बिल, स्वयंपाकिणीचा पगार यांवर कुणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून त्यांना दाता मिळणं अवघड.

म्हणून एकेकट्याने दान करण्यापेक्षा देणाऱ्यांच्या एखाद्या मंडळात सामील व्हावं, असं मला मनापासून वाटतं. वीस जणांनी महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढले तर वर्षाला 1 लाख 20 हजार होतात. रक्कम फार मोठी नाही, पण ती येणार हे संस्थेला आधी ठाऊक असतं. दुसराही एक फायदा आहे आणि माझ्या लेखी तो मोठा आहे. कुठल्या मुलाच्या ताटात कुणाचा पैसा आला हे मुलाला कळत नाही. त्याला कुणासमोर हात जोडून फोटोला उभं राहावं लागत नाही.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून पैसा फंड जमवला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना घराघरातून मूठमूठ धान्य येई. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी 1978 मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केलं, तेव्हापासून तिकडचा पैसा इकडच्या कामांना मिळत आला आहे. 2015 च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी बीडमध्ये आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरच्यांना धनादेश दिले. ते पाहून 'आम्हीही देतो' म्हणणारे इतके निघाले की त्याच वर्षी 'नाम फाउंडेशन' स्थापन झालं. पैसा फंडातली मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे सगळ्यांकडे मागणी सारखीच होती. तिथं भिस्त एखाद्या मोठ्या दात्याच्या मर्जीवर नव्हती.

पण मंडळात बसताना एक अवघड गोष्ट स्वतःला विचारायला हवी. आपल्या जिल्ह्यात देणारा आणि त्रास देणारा हे नेहमीच वेगळे असतात का? आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर 2019 मध्ये बीडची जी आकडेवारी आली, तीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारण कामाला खाडा पडला की दंड, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडावर ना आडोसा ना पाणी. त्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, उचल देणारे मुकादम, कारखान्याचे सभासद आणि रोज चहात साखर घालणारे आपण सगळे एकाच साखळीत आहोत. या साखळीकडे न पाहता दिलेली वर्गणी मन हलकं करते, आणि मला तेच नको वाटतं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचं ठरलं आहे. मंडळाने मुलांच्या जेवणाची सोय करावीच, पण या पैशाचा आणि मागं राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांचा जाबही विचारत राहावा. हक्काच्या जागी दया बसवली तर कारखाना आणि सरकार दोघंही सुटतात.

शिवाय मंडळाच्या बैठकीत फडावर गेलेली एखादी बाई असावी. ती पाहुणी म्हणून नको, निर्णय घेणारी म्हणून असावी. तिला विचारलं तर ती कदाचित वह्या-दप्तरं मागणारच नाही. ती म्हणेल, आमच्या उचलीचा हिशेब कागदावर लिहून द्या, किती टन तोडला आणि किती फिटलं ते आम्हाला कळू द्या. या कामाला पैसा थोडा लागतो, पण हिशेब जाणणारा आणि मुकादमासमोर टोळीबरोबर बसायला तयार असणारा माणूस लागतो. वर्गणीदारांत बँकेतून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्याने टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारासच गावात जाऊन बसावं.