पाळण्यातले पाय



भक्तजनहो, म्हणी मला लहानपणापासून फार आवडतात. एका ओळीत अख्ख्या आयुष्याचा हिशेब असतो. पण म्हण कुठे खरी उतरते नि कुठे अपुरी पडते, हे बघायला लांब जायला नको. श्रीगुरुचरित्राचा अकरावा अध्याय उघडावा. ती कथा आपल्याच जिल्ह्यातली, कारंजाची.

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे आपण म्हणतो. माधव आणि अंबामाता यांच्या घरी नरहरी जन्मला तो ॐकार म्हणतच. याहून मोठी खूण कोणती? पण पुढे सात वर्षे लेकरू दुसरा शब्द बोलेना, आणि गावाने त्याला मुका ठरवून टाकले. मला तर वाटते, ही म्हण लोक नेहमी मागाहून म्हणतात. मुलगा नावारूपाला आला की मग पाळणा आठवतो.

‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.’ बाजारात ही म्हण खरी आहे. बँकेच्या रांगेतही पाहिली. मोठ्याने बोलणारा पुढे सरकायचा, पेन्शनवाली म्हातारी मागेच राहायची. अंबामातेपुढे मात्र ती चालली नाही. नरहरीने नुसत्या खुणांनी मुंज करा म्हणून सांगितले, आणि माउलीला कळले. तोवर कुणी पिंपळाच्या पानावर जेवू घाला म्हणत होते, कुणी आणखी काही. (नातू वेळेवर बोलत नसेल तर नवसाबरोबर कानाच्या डॉक्टरकडेही न्यावे, हे हात जोडून सांगतो.)

मुंजीचा घाट घातला तेव्हा लोक हसले. मुक्याला गायत्री कशी यायची? पैसा वाया! आपल्याला काय, जेवण आणि दक्षिणा. मग मातेने पहिली भिक्षा घातली आणि बटूच्या मुखातून ऋग्वेद निघाला. दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसऱ्या भिक्षेला सामवेद. हसणारेच पाया पडले.

पण अंबामातेचे काय झाले ते बघा. सात वर्षे जिने एका शब्दाची वाट पाहिली, तिला ऐकायला मिळाला तो निरोप. भिक्षा मागायला तूच सांगितलेस, आता मला जाऊ दे, असे लेक म्हणाला. आपल्यापैकी कितीजणांची लेकरे पुण्याला, बंगळूरला, त्याहून लांब गेली आहेत. पारायणात हा भाग आला की वाचणाऱ्याचाही आवाज अडखळतो. ‘पंख फुटले की पाखरू उडते’ म्हणणे सोपे आहे हो, रिकाम्या घरात दिवा लावणाऱ्याला विचारा.

तरी नरहरी लगेच गेला नाही. तुला आणखी मुले होतील असे मातेला सांगितले, जुळी भावंडे जन्मेपर्यंत थांबला, आणि तिची ओटी भरलेली पाहूनच काशीला निघाला. तिथे संन्यास घेऊन श्रीनृसिंहसरस्वती झाला.

तीस वर्षांनी महाराज शिष्यांसह कारंजाला आले. तेव्हा मायबाप त्यांना भेटले.