धुण्याचा सामायिक दगड

नालासोपारा, विरारच्या चाळींत नव्याने राहायला आलेल्या मुलामुलींना पहिला प्रश्न पडतो तो धुण्याचा. नळ एक, धुण्याचा दगड एक आणि बिऱ्हाडं दहा. पाणी यायच्या आधीच कपडे भिजवून ठेवावेत, म्हणजे दगड फार वेळ अडत नाही. खिसे तपासावेत. पांढरे आधी, रंग जाणारे शेवटी, वेगळ्या बादलीत. पावडर बेतानेच घालावी. जास्त झाली की कपडे खळबळायला पाणीही जास्त लागतं, आणि ते शेजारणीच्या वाट्याचं असतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा तांब्या. धुणं आटोपलं की दगडावरचा फेस धुवायचा, मोरीच्या जाळीत अडकलेले केस, दोरे काढायचे. पुढची बाई पदर खोचून येते, तेव्हा तिला दगड स्वच्छ मिळतो. परटाच्या घरात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. त्यांनी झाडलेली वाट सगळ्यांचीच असे.

आज तो एक तांब्या दगडावर नक्की ओता. आणि वाळलेले कपडे वेळेवर काढा. वसईच्या पावसात दोरीवरच्या हातभर जागेचीही कुणीतरी वाट पाहत असतं.