वाहनतळावरील तेलाचा डाग आणि प्रमादाचा विचार

ज्या कृतीमागे हेतू नसतो, जिचा परिणाम एकट्याने मोजता येत नाही आणि जी घडत असताना कर्ता त्या जागी उपस्थितही नसतो, तिचा दोष कोणाला लागतो, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न आहे. दुकानाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटारीतून गळणारा इंजिन ऑइलचा थेंब हे त्याचे आजचे अगदी साधे उदाहरण होय. मालक आत तूरडाळ आणि साबण घेत असतो, थेंब बाहेर पडत असतो, आणि मालक परतून गाडी काढतो तेव्हा डाग मागे राहतो. तो डाग पुसण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे असे त्याला वाटत नाही, आणि त्याच जागी पुढे गाडी लावणाऱ्यालाही तो आपला वाटत नाही.

हा थेंब येतो कोठून, हे आधी पाहणे इष्ट, कारण दोषाचा विचार कारणाच्या विचारावर उभा असतो. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे जे भांडे असते, ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, त्याचा ड्रेन बोल्ट सैल झाला, त्याखालचा वॉशर चेपला, जोडावरचे पॅकिंग सुकले किंवा फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी ऑइल सील उष्णतेने कडक झाले, की तेलाला वाट मिळते. तापलेले तेल पातळ असते, त्यामुळे इंजिन बंद केल्यावरही काही काळ थेंब पडत राहतात. बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढे असते आणि अनेक गाड्या भिंतीकडे तोंड करून लावल्या जातात, म्हणून वाहनतळावरच्या अनेक चौकटींत भिंतीच्या बाजूला काळसर पट्टा उमटलेला दिसतो. तो एका गाडीचा नसतो. अनेक गाड्यांचे थेंब एकमेकांवर पडून तो तयार झालेला असतो. गाडीखाली दिसणारी प्रत्येक ओल तेलाची नसते, एसीचे पाणीही तिथेच गळते. मात्र पाणी वाळून जाते आणि तेल राहते, एवढा फरक ओळखायला मेकॅनिक लागत नाही.

राहिलेले तेल पहिल्या पावसात चालू लागते. पाण्यावर त्याचा जो इंद्रधनुषी तवंग दिसतो त्याची जाडी सहसा एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, कमी असते. ही जाडी एक तृतीयांश मायक्रॉन धरली तर एका मिलिलिटर तेलाने सुमारे ३ चौरस मीटर पृष्ठभाग झाकला जाऊ शकतो. पावसाळी गटाराचे पाणी सहसा शुद्धीकरण केंद्रातून जात नाही, ते सरळ नाल्यात उतरते. पुण्यातील एखाद्या सुपरमार्केटच्या वाहनतळावरून वाहिलेले पाणी नाल्यातून मुठेत, संगमानंतर मुळा-मुठेत, तेथून भीमेत आणि उजनीच्या जलाशयातून पुढे पंढरपुराकडे जाते, जिथे त्याच भीमेला चंद्रभागा म्हणतात. गॅरेजच्या पिंपात जमा केलेले जळके तेल २०१६च्या नियमांनुसार धोकादायक कचरा ठरते आणि त्याच्या विल्हेवाटीवर बंधने येतात. तेच तेल थेंबाथेंबाने फरशीवर पडले तर व्यवहारात तो नुसता डाग ठरतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण काटकसरीच्या उपदेशासाठी वापरली जाते, पण ती दोषाच्या संचयालाही तितकीच लागू पडते.

या थेंबाच्या नैतिक मोजमापाचे दोन मार्ग प्रथम सुचतात, आणि दोन्ही अपुरे पडतात. पहिला मार्ग हेतूचा आहे. बौद्ध विचारात कर्म म्हणजे मुळात चेतना, म्हणजे मनाचा संकल्प, असे मानले जाते. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात निगंठ नातपुत्त या जैन गुरूंचा अनुयायी उपाली आणि बुद्ध यांच्यातील वाद याच प्रश्नावर रंगतो: कायेचे कर्म अधिक गुरू की मनाचे? चालताना नकळत चिरडल्या जाणाऱ्या सूक्ष्म जीवांचे उदाहरण तिथे येते आणि हेतूविना घडलेली हानी मोठा दोष ठरत नाही, हे उपालीलाही मान्य करावे लागते. या कसोटीवर गाडीचा मालक निर्दोष सुटतो. दुसरा मार्ग परिणामाचा आहे, परंतु एका थेंबाचा परिणाम नदीत शोधून दाखवता येत नाही. डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४च्या आपल्या ग्रंथात नेमकी ही अडचण मांडली: प्रत्येकाचा वाटा जाणवण्याइतकाही नसेल आणि सर्वांचे मिळून नुकसान मोठे असेल, तर प्रत्येकाने स्वतःला निरपराध समजणे ही नैतिक गणितातील चूक आहे. चूक दाखवली गेली, तरी आपल्या एका थेंबाने काय बिघडते, असे म्हणणाऱ्या माणसाला परिणामाच्या भाषेत पटेल असे उत्तर देणे सोपे नाही.

धर्मशास्त्राकडे वळले असता पंचसूनांची कल्पना समोर येते. सूना म्हणजे हिंसेचे ठिकाण. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही पाच हिंसास्थाने सांगितली आहेत, कारण ती वापरताना जीवजंतू मरतातच. त्यांच्या निष्कृतीसाठी, म्हणजे दोष फेडण्यासाठी, ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि नृयज्ञ हे पाच महायज्ञ रोज करावयाचे असतात. हेतू नसला तरी ऋण निर्माण होते आणि ते रोजच्या रोज फेडावे लागते, हे या कल्पनेचे मर्म आहे. त्यामुळे मोटार ही आधुनिक गृहस्थाची सहावी सूना आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

तो मोह मात्र आवरावा लागतो. चुलीवाचून अन्न शिजत नाही आणि केरसुणीवाचून घर राहण्याजोगे होत नाही. पंचसूनांची हिंसा टाळता न येणारी आहे, म्हणूनच तिला निष्कृती सांगितली. मोटारीचा धूर आणि टायरची झीज यांना ही उपमा काही अंशी लागू पडेल, कारण गाडी चालवायची तर ती पूर्णपणे थांबवता येत नाहीत. गळक्या सीलला ती लागू पडत नाही, कारण सील बदलता येते. टाळता येणाऱ्या हानीला अटळ हानीचे नाव दिले, की नित्यकर्म दुरुस्तीची जागा घेते आणि दानधर्म करून गळती चालू ठेवण्याची सोय होते. याच मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात थुंकी, मलमूत्र, विष यांसारख्या गोष्टी पाण्यात टाकू नयेत असा स्पष्ट निषेध आहे, आणि तिथे नंतरच्या निष्कृतीचा आधार दिलेला नाही.

जैन विचारातील प्रमाद ही संकल्पना येथे अधिक नेमकी ठरते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, जिथे लक्ष द्यायला हवे तिथे ते न देणे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताला प्रमादाची जोड दिली आहे, आणि कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात असे म्हटले आहे की जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली जीव मेला तरी त्याला हिंसेचा बंध होत नाही, आणि बेपर्वाईने वागणाऱ्याला मात्र जीव मेला नाही तरी तो होतो. मुनीच्या पाच समितींपैकी, म्हणजे आचरणातील सावधतेच्या नियमांपैकी, शेवटची उत्सर्ग समिती शरीरातून बाहेर टाकायच्या मळासंबंधी आहे: जागा आधी पाहायची, ती निर्जीव असल्याची खात्री करायची आणि मगच मळ टाकायचा. या दृष्टीने पाहिल्यास मालकाचा थेंब चंद्रभागेपर्यंत पोचला की उजनीच्या गाळात बसला, हे शोधण्याची गरज उरत नाही. दोष थेंबाच्या प्रवासात नसून गळती ठाऊक झाल्यानंतर गेलेल्या दिवसांत आहे. बौद्ध परंपरेनेही अप्रमादाला सर्व कुशल धर्मांचे मूळ मानले असल्याने, हेतूच्या कसोटीवर सुटलेला मालक तिच्याच दुसऱ्या दाराशी पुन्हा अडतो.

या निकषाला मर्यादाही आहेत. धर्मशास्त्राने प्रायश्चित्त ठरवताना अकामतः, म्हणजे नकळत, आणि कामतः, म्हणजे जाणूनबुजून, केलेल्या पापांत भेद केला आहे. ज्याला गळतीची कल्पनाच नाही त्याचा दोष अल्प. ज्याने चौकटीतला ताजा डाग पाहून गाडी पुन्हा तिथेच लावली त्याचा अधिक. इंजिन उतरवून सील बदलायचे तर मजुरीच सीलच्या किमतीच्या अनेक पट होते, त्यामुळे भाड्याच्या टॅक्सीवर पोट असलेल्या चालकाचा विलंब आणि सुस्थितीतल्या मालकाचा विलंब एका तराजूत घालता येत नाही. ज्या दुकानाला या तळाचा लाभ होतो त्यानेही डागावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून तो उचलण्याची व्यवस्था ठेवली नाही, तर प्रमादात त्याचाही वाटा आहे.

तरीही अज्ञानाचा बचाव किती खरा, याची एक परीक्षा घरीच होते. ज्याच्या गाडीतून तेल गळते तो स्वतःच्या सोसायटीतील फरशीवर, इंजिनाच्या बरोबर खाली, पुठ्ठा किंवा जुनी परात सरकवून ठेवतो आणि दर दोन-चार दिवसांनी पुठ्ठा बदलतो. थेंब कोठे पडतो, किती पडतो आणि त्याने काय बिघडते, हे त्याला ठाऊक असते, याची साक्ष तो पुठ्ठाच देतो. दुकानाच्या वाहनतळावर गाडी लावताना हे ज्ञान नाहीसे होत नाही. तिथली फरशी कोणाचीच नाही असे मानल्यामुळे ते फक्त बाजूला ठेवले जाते.