ढ कसा तयार होतो

2025 साली यूएईतल्या शाळा 25 ऑगस्टला उघडल्या आणि गणपती बसले 27ला. आम्ही गौरी-गणपतीचं विसर्जन आटोपूनच दुबईला परतलो. तिकिटंही तेव्हाच परवडत होती, आणि आजी वर्षातून एकदाच भेटते. मुलाचे शाळेचे आठ दिवस बुडाले. शाळेला ताप आल्याचा निरोप धाडला. तो टाइप करताना मुलगा शेजारीच बसला होता.

तोवर वर्गात समीकरणं सुरू झाली होती. मित्राच्या वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. त्यात एवढंच, की अधिक पाच पलीकडे नेले की उणे पाच होतात. का होतात, ते बाईंनी फळ्यावर तराजू काढून सांगितलं होतं: दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं तर तोल जात नाही. तराजू वहीत उतरला नव्हता. पोरानं तीन एक्स बरोबर बारा या गणितातही तीन पलीकडे नेऊन वजा केले. उत्तर नऊ. घरात कुणीतरी लाडानंच म्हणालं, "गणित आपल्या घराण्यातच नाही."

त्या वाक्यानं जे केलं ते आठ दिवसांनीही केलं नव्हतं. चुकलेली पायरी आमच्यामुळे, शिक्का त्याच्यावर.

कॅरोल ड्वेक यांचं 'माइंडसेट' 2006 साली आलं. बुद्धी ठरीव नसते, ती वाढवता येते, हे आता शाळांच्या भिंतींवरही रंगवलेलं दिसतं. पण वाढणार कशी, पोर तराजूसमोर बसलंच नाही तर? आणि सीबीएसईची बोर्डाच्या परीक्षेसाठी 75 टक्के हजेरीची अट आपण कशी वाचतो? उरलेले 25 टक्के म्हणजे ऑफिसातली शिल्लक रजा! सवलत खरी आहे ती आजारपणासारख्या कारणांना.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा गैरहजेरीचा दंड ठेवला पालकाला, महिना 1 रुपया. तेव्हा पोरं शेतावर राबत होती. आमच्याकडे तेवढीही सबब नाही.

2026 चे गणपती 14 सप्टेंबरला, सोमवारी आहेत. शुक्रवारी शाळा अर्धीच असते. संध्याकाळचं विमान धरायचं, दीड दिवसाचं विसर्जन करून मंगळवारी रात्री परत फिरायचं. दोन दिवस बुडतील. शाळेला कारण गणपती असंच कळवणार आहे. गौरीसाठी थांबलो नाही म्हणून आजी चिडेल. चिडू दे.