रेशमाच्या पैशातले पुण्य

५ फेब्रुवारी १४४५. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात नुकत्याच उघडलेल्या ‘इनोचेन्ती’ या अनाथालयात पहिले मूल आले. ती मुलगी होती. त्या दिवशी संत अगाताचा सण होता, म्हणून तिचे नाव अगाता ठेवले गेले.

हे अनाथालय एखाद्या मठाने उभारलेले नव्हते की कुठल्या राजाने. शहरातल्या रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ मध्ये त्याचे काम हाती घेतले. याच संघात सोनारही मोडत. इमारतीचा आराखडा करणारा फिलिप्पो ब्रुनेलेस्की मूळचा सोनार आणि संघाचा सभासद. त्याने काढलेली नऊ कमानींची पडवी आज युरोपीय वास्तुकलेतला मानबिंदू आहे. तिच्यावरच्या निळ्या वर्तुळांमध्ये दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळे दिसतात. आंद्रेआ देला रोबिया याने ती भाजलेल्या मातीत घडवली.

नफ्यासाठी एकत्र आलेल्या धंदेवाईकांनी पोरक्या मुलांसाठी केलेला हा खर्च दान म्हणायचा, की पापक्षालनाची किंमत?

प्रश्न त्या काळीही सोपा नव्हता. व्याज घेणे चर्चच्या लेखी पाप होते आणि व्याजाशिवाय व्यापार चालत नव्हता. त्यामुळे मृत्युपत्र लिहिताना व्यापाऱ्याला परलोकाची चिंता लागे. प्रातोचा धनाढ्य व्यापारी फ्रान्चेस्को दातीनी आपल्या हिशोबाच्या वह्यांवर देवाचे आणि नफ्याचे नाव शेजारीशेजारी घाली. १३४८ च्या प्लेगने त्याला लहानपणीच आई-वडिलांविना केले होते. १४१० मध्ये तो वारला, तेव्हा फ्लॉरेन्समधल्या टाकलेल्या मुलांसाठी त्याने १,००० फ्लोरिन ठेवले होते. इनोचेन्तीची सुरुवात त्या रकमेतून झाली.

दातीनीची दुसरी बाजूही लपवण्याजोगी नाही. त्याच्या घरातल्या गुलाम स्त्रीपासून त्याला मुलगी झाली होती. ती त्याच्या घरी वाढली, हे तिचे भाग्य. फ्लॉरेन्सच्या सधन घरांत काळ्या समुद्राकडून आणलेल्या गुलाम स्त्रिया राबत, आणि त्यांच्या पोटी जन्मलेली कितीतरी बाळे अनाथालयाच्या दारी पोहोचत. ज्या वर्गाने अनाथालय बांधले, त्याच वर्गातले पुरुष त्यातल्या अनेक मुलांचे बाप होते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची तीन प्रतींत विभागणी आहे. परतफेड करू न शकणाऱ्याला, कर्तव्य म्हणून, योग्य वेळी योग्य ठिकाणी दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. अवहेलनेने, अपात्री दिलेले ते तामस. या कसोटीवर इनोचेन्ती घासून पाहिले तर एका उत्तरावर थांबता येत नाही. दारात ठेवलेले तान्हे मूल कुणाचीच परतफेड करू शकत नव्हते. तिथवर दान सात्त्विक. पण मुली मोठ्या झाल्या की अनाथालयातच रेशमाच्या कामाला बसत आणि मुलगे कारागिरांच्या हाताखाली जात. म्हणजे संघाच्या धंद्याला हातही मिळत होते. दुसरीकडे, लग्न ठरलेल्या मुलीचा हुंडा संस्थाच भरे. एकाच छपराखाली कर्तव्य आणि लाभ नांदत होते.

शिवाय अपयश मोठे होते. बाळांना खेड्यांतल्या दूधआयांकडे पाठवले जाई. पैसे थकले की त्यांचे दूधही आटे. वाईट वर्षांत दाखल झालेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुले पहिले वर्षही पुरे करत नसत.

तरीही संघाच्या दानात एक गोष्ट होती, जी दातीनीसारख्या एकट्या दात्याला जमली नसती. दाता मरतो, संघ उरतो. संघ आपल्यातून देखरेख करणारे निवडत असे, आणि त्यांना हिशोब द्यावा लागे. मूल कधी आले, अंगावर काय होते, कोणत्या दूधआईकडे गेले, याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवल्या गेल्या. पुढच्या काळात जन्मदात्या आया बाळासोबत अर्धे तोडलेले पदक ठेवत. कधीतरी परत येऊन दुसरा अर्धा जुळवता यावा म्हणून. असे तुकडे आजही तिथल्या संग्रहालयात जपलेले आहेत.

संघाच्या या टिकाऊपणावरचा विश्वास आपल्याकडेही जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची ३,००० कार्षापणांची ठेव नोंदलेली आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० महिना शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर गरजा भागवायच्या. सत्ता हाती असलेल्या माणसानेही दानाची जबाबदारी सोपवली ती कारागिरांच्या संघटनेवर.

म्हणून संघाच्या दानाची परीक्षा सभासदांच्या मनात शिरून करण्यात अर्थ नाही. शेकडो माणसांचे हेतू कोण तोलणार? कुणी श्रद्धेने दिले असेल, कुणी भीतीने, कुणी शेजाऱ्याने दिले म्हणून. विचारायचे ते एवढेच: मुलाच्या हाती काय पडले, किती वर्षे पडत राहिले, आणि चुकले तेव्हा जाब कोणी दिला? इनोचेन्ती या परीक्षेत अर्धेच उतरते. पण त्याचे अपयश आज आपल्याला कळते, तेही त्यांच्याच नोंदींमुळे.

टाकलेले मूल आत सोडण्याची इनोचेन्तीची खिडकी १८७५ मध्ये बंद झाली. मुलांसाठीचे काम मात्र थांबले नाही. युनिसेफचे संशोधन केंद्रही तिथे १९८८ मध्ये सुरू झाले.

आपल्याकडे वकिलांचे संघ, डॉक्टरांच्या संघटना, व्यापारी मंडळे दर जूनमध्ये वह्या वाटतात, शिष्यवृत्त्या जाहीर करतात. या कामाला हसू नये आणि त्यावर समाधानही मानू नये. आपल्या संघटनेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सभासदाने उभे राहून विचारावे: पाच वर्षांपूर्वी ज्या मुलांना आपण मदत दिली, ती आज कुठे आहेत? आणि उत्तर नसेल, तर त्या मुलांची नोंदवही त्याच सभेत सुरू करावी.