दर्याचा चातुर्मास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तीन दिवसांच्या झडीनंतर जुलैतली एक सकाळ जरा उघडली, तेव्हा मी पिशवी घेऊन वांद्र्याच्या बाजारात गेलो. नेहमीची कोळीण आपल्या जागी होती; पण पुढ्यात पापलेट नव्हते, सुरमई नव्हती. सुके बोंबील, सोडे आणि जवळ्याची रास एवढाच तिचा संसार. मला मात्र त्या दिवशी गाभोळीचे डोहाळे लागले होते. पावसाळी दुपार, गरम भात आणि तव्यावर कुरकुरीत तळलेली गाभोळी! मी विचारले, "मावशी, गाभोळीचा मासा नाही का कुठे?"

कोळणीच्या बोलीत अहोजाहोला जागा नसते. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "आमच्या होड्या वर, आमचा धंदा बंद, आणि तुला गाभोळी पाहिजे? दोन महिने कशाला घरी बसलोत आम्ही?"

मी हसलो. हसून वेळ मारून नेली म्हणा ना. बोंबील घेऊन घरी आलो, पण तो प्रश्न पिशवीतून माझ्याबरोबरच घरी आला. उपास तिने करायचा आणि ज्यासाठी उपास, तेच नेमके मी ताटात मागायचे! गाभोळी म्हणजे माशाची अंडी. अजून न जन्मलेल्या माशांचा आख्खा गाव.

त्या संध्याकाळी मी चिंबईला गेलो. किनाऱ्यावर होड्या ओळीने वर ओढलेल्या, अंगावर ताडपत्री पांघरून निजलेल्या. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वल्ह्याशिडाच्या लहान होड्यांना तेवढी मोकळीक. कारणे दोन: या दिवसांत दर्या माणसांना गिळतो, आणि याच दिवसांत बऱ्याच जातींचे मासे अंडी घालतात.

वस्तुतः ही बंदी काही सरकारने शोधून काढलेली नव्हे. कायदा 1981 सालचा. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पाऊस लागला की कोळी होडी वर घेत आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटत. मधल्या काळात जाळी विणायची, फाटकी सांधायची, लग्नकार्याची देणीघेणी आवरायची. राज्याच्या जुन्या नियमातही बंदी 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतले जे आधी येईल तोवर असे. सरकारी कागदावर चंद्राला मिळालेला एवढा मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पण मग मनात शंका येते. पूर्वीचा कोळी दर्यात जात नव्हता, तो संयमाने की नाइलाजाने? शिडाच्या होडीला आषाढातला दर्या झेपतच नसे. ज्याच्यापुढे ताट वाढलेलेच नाही, त्याच्या उपासाचे पुण्य ते केवढे! स्वातंत्र्यानंतर होड्यांवर यंत्रे चढली, नायलॉनची जाळी आली, बर्फ आला. जे दार पूर्वी दर्या स्वतः लावून घेई, ते आता माणसाच्या हातात आले. मला वाटते, खरा संयम इथूनच सुरू होतो. जाता येत असून न जाणे, हाच उपास. यंत्राने कोळ्याला सामर्थ्य दिले, आणि त्याबरोबर एक नवे कर्तव्यही न विचारता त्याच्या गळ्यात बांधले.

1883 साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सले या थोर जीवशास्त्रज्ञाने सांगितले होते की, कॉडसारखे समुद्रातले मोठे मत्स्यसाठे माणसाच्या हातून संपणारे नाहीत. त्या काळच्या साधनांपुरते त्याचे म्हणणे खरे असेलही. पण साधने थांबली नाहीत. 1992 सालच्या जुलैत कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी बंद करावी लागली. बंदी म्हणे दोन वर्षांची! सुमारे 30 हजार माणसांचे काम गेले. त्या दोन वर्षांची बत्तीस झाली. 2024 साली दार किलकिले उघडले, तेही बेताचेच. जे दोन महिने थांबायला तयार नसतात, त्यांच्यावर एक पिढी थांबण्याची पाळी येते.

यावर एक रोकडा आक्षेप आहे. मी थांबलो आणि शेजारी गेला, तर मासा वाचतो कुठे? तो फक्त माझ्या जाळ्याऐवजी त्याच्या जाळ्यात जातो. या युक्तिवादाला गणिताने उत्तर देता येत नाही. पण 2023 साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा थेट 30 ऑगस्टला पडली. कायद्याचे दार 1 ऑगस्टलाच उघडले होते. शेजारच्या नौका बाहेर पडू शकत होत्या. त्या महिनाभरात जो कोळी नारळाच्या दिवसाची वाट पाहत बसला, त्याला शहाणा म्हणावे की खुळा? मला विचाराल, तर सरकारच्या 61 दिवसांपेक्षा त्याच्या त्या तीस दिवसांचे मोल अधिक. ते कुणी त्याच्यावर लादले नव्हते.

मात्र हे सारे मी कोरड्या गच्चीवर बसून लिहितो आहे, हे विसरून चालणार नाही. बंदीत कोळ्याचा हप्ता थांबत नाही, खलाशी रिकाम्या हाताने गावी जातो. आणि माझे काय जाते? बर्फातला मासा मला मिळतोच. श्रावण पाळला तरी तो माझ्या पुण्याच्या खाती. व्रत एकाचे आणि पारणे सर्वांचे, अशी ही विभागणी आहे. 2023 साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याच साली 54 जातींसाठी किती लांबीपेक्षा लहान मासा धरू नये, तेही ठरले. पण कायदा नौकेपर्यंत पोहोचतो, तव्यापर्यंत नाही. तव्यावर राज्य आपलेच.

परवा दिवाळीच्या खरेदीला निघालो, तेव्हा पुन्हा तिच्याकडे गेलो. पुढ्यात ताजे पापलेट चमकत होते, आणि कडेला स्वस्तात वाटा लावलेली तळहाताहूनही लहान पिल्ले. हात आधी तिकडेच गेला, खोटे कशाला बोलू? घरी माणसे पाच, पैसे मोजके. मग तो मागे घेऊन मी एकच मोठा मासा घेतला. मी वळतो न वळतो तोच मागच्या गृहस्थांनी तो पिल्लांचा वाटा उचलला. म्हणजे शेजारची होडी गेलीच!

क्षणभर वाटले, काय मिळवले आपण? मेलेली पिल्ले माझ्या संयमाने जिवंत होणार नव्हती. कोळीण माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "आज गाभोळी नाही मागितलीस ती?"

"नाही मावशी," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. पिशवीत मासा टाकताना वर मूठभर कोळंबी तेवढी तिने घातली. घरी पाचांच्या ताटात त्या एका माशाचे तुकडे लहानच आले, पण कुणी तक्रार केली नाही.