कुणी सांगितलं होतं उचलायला?

मार्चमध्ये डेडलिफ्ट करताना कमरेत चमक भरली. तेव्हापासून हा प्रश्न मला आईने, टीम लीडने आणि सोसायटीच्या वॉचमनकाकांनीही विचारलाय. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली चकती सरकलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही; झोपून राहू नका, चालत राहा. म्हणून मी रोज संध्याकाळी रावेतच्या बास्केट ब्रिजपर्यंत चालतो आणि या प्रश्नाशी भांडतो.

कारण तो नुसता प्रश्न नाही. हौसेने ओढवून घेतलेल्या दुखण्याला 'आई गं' म्हणायचा हक्क नाही, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

वॉचमनकाका तरुणपणी भुसार बाजारात हमाली करायचे. तेव्हा धान्याचं पोतं शंभर किलोचं असायचं. त्यांची कंबर कायमची गेली. त्यांना मात्र कुणी सांगितलं होतं, असं कुणी विचारत नाही. पोटाने सांगितलं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. महाराष्ट्रात हमालांसाठी माथाडी कायदा आला तो १९६९ साली. त्याच्या दोनच वर्षं आधी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. मी ११० किलो उचलत होतो आणि वर जिमला फी भरत होतो! काकांना आकडा सांगितला, तर ते एवढंच म्हणाले, "पण पोत्याला धरायला दांडा नसतो."

या वाक्यापुढे माझी तक्रार लाजते, हे खरं. पण ती संपत नाही.

सांगलीचा संकेत सरगर आठवा. वडिलांची पानटपरी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात, १३९ किलो उचलताना, त्याच्या कोपराला दुखापत झाली. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला. वजन उचललं गेलं नाही. एका किलोने सुवर्ण हुकलं, रौप्य मिळालं. त्यालाही कुणी जबरदस्ती केली नव्हती. तरी त्याचं कोपर बघून आपण हळहळलो. मीराबाई चानू २०१८ मध्ये कमरेच्या दुखण्यामुळे आशियाई स्पर्धेला मुकली, तेव्हाही हळहळलो. म्हणजे स्वेच्छा ही अडचण नाहीच. पदक असलं की स्वेच्छेला जिद्द म्हणतात, नसलं की खाज.

मला वाटतं, निवडीमुळे दुखण्याची किंमत कमी होत नाही; दुखण्यानंतरचे दिवस बदलतात. मला मेडिक्लेम आहे, घरून काम आहे, बसायला उशी आहे. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली वाकले, कारण हमालाची मजुरी खेपेवर असते. आमच्यात अन्याय शोधायचा तर तो इथे आहे, वजनात नाही. आणि सहानुभूती काही रेशनवर मिळत नाही, की मला दिली म्हणून काकांची कमी होईल.

मग परत उचलायचं का? न उचलताही आयुष्य छान जाईल, हे मला कळतं. पण दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला आपल्याला शरीर आहे, याची आठवण त्या रॉडइतकी स्वच्छ कुणी करून देत नाही. ही गरज आहे की चैन, हे मला ठरवता आलेलं नाही.

फिजिओ म्हणते, रिकाम्या रॉडपासून सुरू करू. रॉड वीस किलोचा असतो. आईला अजून सांगितलेलं नाही.